मैलांचें नाणें

आमचे आजोबा सोलापुरांत एका अडत्याच्या पेढीवर कारकून होते. पेढीच्या उंबऱ्याशीं एक काळा, गुळगुळीत दगड बसविलेला असे. गिऱ्हाइकानें दिलेला रुपया त्या दगडावर आपटून त्याचा नाद ऐकावयाचा, हें त्यांचें दिवसांतून शंभरदां करावें लागणारें काम. नादावरून रुपया खरा कीं खोटा हें समजे. परंतु सोलापुरासारख्या सरहद्दीवरच्या बाजारपेठेंत तेवढ्यानें भागत नसे. रुपया हाली कीं कलदार, हें पुन्हां पाहावें लागे. तुळजापूर-नळदुर्गाकडून गाडी भरून येणारा शेतकरी निजामाच्या मुलखांतला. त्याच्या कनवटीला हाली सिक्का. इंग्रजी अमलांतला रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. शंभर कलदारांस हाली सुमारें एकशें सोळा व वर कांहीं आणे, म्हणजे स्थूलमानानें सात हालीस सहा कलदार, असा भाव धरीत. या घटीसच बाजारांत बट्टा म्हणत. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, पुढें कांहीं वर्षांनीं हाली सिक्काही व्यवहारांतून गेला, आणि आजोबांच्या दगडाचें निम्में काम संपलें. ते आम्हां मुलांस सांगत, "रुपयावरचा आंकडा शेवटीं वाचावा; आधीं टांकसाळ कोणाची तें पाहावें."

हा दगड मला अलीकडे वरचेवर आठवूं लागला आहे. कारण माझ्या नांवावरही बरींच वर्षें एका परक्या टांकसाळेचें नाणें जमा होत होतें. विमानानें प्रवास केला असतां, किंवा बँकेच्या कार्डावर किराणा, पुस्तकें, औषधें घेतलीं असतां, विमानकंपनीच्या वहींत आपल्या नांवें कांहीं 'मैल' अथवा 'पॉइंट' मांडले जातात. ते पुरेसे सांठले म्हणजे त्यांच्या बदल्यांत एखादें तिकीट 'फुकट' मिळतें. ज्या घरांतला मुलगा बंगळुरास आणि मुलगी अमेरिकेंत आहे, अशा घरांत आज या पॉइंटांची चर्चा पूर्वीं सोन्याच्या भावाची होई तितक्याच आस्थेनें चालते. हें नाणें आलें कोठून, तें मिळविण्यास काय पडतें आणि मिळाल्यावर त्याचें मोल काय, हें एकदां नीट पाहावें असें एका प्रसंगानें माझ्या मनांत आलें. तो प्रसंग माझ्या मोठेपणाचा नाहीं. म्हणून तो यथाक्रम पुढें सांगेन.

अमेरिकेंत १९७८ पर्यंत विमानाचें भाडें सरकारी मंडळाच्या संमतीनें ठरे. त्या सालच्या कायद्यानें हें बंधन सुटलें आणि कंपन्यांत चढाओढ लागली. दोन शहरांमधलें आकाश एकच, विमानेंही बहुधा एकाच कारखान्यांतलीं. मग उतारूनें आपल्याच दारीं कां यावें? अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीपाशीं तिकिटें नोंदण्याचें 'सेबर' नांवाचें संगणकयंत्र होतें. त्यांतील नोंदी चाळतां एकाच टेलिफोनचा आंकडा पुन्हां पुन्हां आढळे. अशा नेहमींच्या उतारूंचीं नांवें वेगळीं काढून कंपनीनें १ मे १९८१ रोजीं आपली योजना जाहीर केली. आणि कांहीं दिवसांतच युनायटेड कंपनीनें तिची री ओढली. वाण्यानें जुन्या गिऱ्हाइकास चार दाणे जास्त घालावे, तसाच हा प्रकार होता. त्यांत नवें एवढेंच, कीं जास्तीचे दाणे गिऱ्हाइकाच्या पदरांत न टाकतां वाण्यानें आपल्याच वहींत लिहून ठेवले.

खरें वळण १९८७ सालीं लागलें. त्या वर्षीं अमेरिकन एअरलाइन्सनें सिटिबँकेशीं करार करून क्रेडिट कार्डावरील खर्चासही मैल देण्यास आरंभ केला. आतां मैल मिळविण्यास विमानांत बसण्याची गरज उरली नाहीं. बँक विमानकंपनीकडून मैल घाऊक विकत घेई आणि आपल्या गिऱ्हाइकांस वांटी. कंपनीस रोकड आज मिळे, खुर्ची द्यावयाची ती कधींतरी पुढें. वाहतुकीचा धंदा करणारी मंडळी अशा रीतीनें नाणीं पाडूं लागली. २००५ च्या आरंभीं लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकानें असा हिशेब मांडला कीं, जगांतील न वापरलेल्या मैलांचें एकंदर मोल चलनांत असलेल्या सर्व डॉलर-नोटांहून व नाण्यांहून अधिक भरेल. याहून नवल २०२० सालचें. साथीमुळें विमानें जमिनीवर खिळलीं असतां युनायटेडनें आपली मैलांची योजनाच तारण ठेवून सुमारें ६८० कोटि डॉलर कर्ज उभारलें. त्या योजनेची किंमत सुमारें २,२०० कोटि डॉलर धरण्यांत आली. आणि बाजारांतील शेअरांच्या भावानें समग्र कंपनीची किंमत त्या वेळीं याच्या निम्म्याच्या आसपास होती. हा आंकडा मीं प्रथम वाचला तेव्हां मला छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. गाडीच्या बैलांपेक्षां गाडीवानाची उधारीची वही अधिक मोलाची ठरली होती.

आपल्याकडे हें सारें उशिरां आलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल घेऊन उतरले, तेथून आपल्या विमानवाहतुकीचा इतिहास धरतात. १९५३ सालीं सरकारनें हा धंदा ताब्यांत घेतला. त्यानंतर चाळीस वर्षें देशांतल्या देशांत जाणाऱ्या उतारूस आपलेंसें करण्याची गरजच कोणास नव्हती, कारण त्यास दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. १९९३ सालीं जेट एअरवेजचीं विमानें उडूं लागलीं, १९९४ सालीं जुना कायदा रद्द झाला, आणि मग पॉइंटांचें पीक आलें. तथापि आजची देशांतील सर्वांत मोठी कंपनी इंडिगो ही २००६ पासून २०२४ पर्यंत उतारूंसाठीं स्वतःची नियमित मैल-योजना न काढतां वाढली, ही गोष्ट या विषयाच्या भक्तांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वेळेवर सुटणारें विमान आणि कमी भाडें हीं असलीं म्हणजे उतारूला दुसरें आमिष लागत नाहीं असें यावरून दिसतें.

सोलापूरकराची स्थिति तर याहून निराळी. होटगी रस्त्यावर विमानतळ आहे. किंगफिशर कंपनीची मुंबईची विमानसेवा कांहीं काळ चालली आणि बंद पडली. पुढें सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेंत येते म्हणून वर्षानुवर्षें वाद माजला. उसाचा शेतकरी एका बाजूला आणि विमान मागणारे दुसऱ्या बाजूला. १५ जून २०२३ रोजीं ती चिमणी पाडण्यांत आली. त्यानंतर ९ जून २०२५ रोजीं गोव्याचें व १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईचें विमान सुरू झालें. आणि मुंबईच्या मार्गावरील तूट भरून देण्याचें राज्यशासनानें ठरविलें. मधल्या साऱ्या काळांत ज्यास विमान धरावयाचें त्यानें अडीचशें किलोमीटर जाऊन पुणें गांठावें, किंवा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनें मुंबई. त्या मोटारीच्या तेलाला किंवा रेल्वेच्या तिकिटाला कोणी मैल मोजून देत नसे. आमच्या 'फुकट' तिकिटाचा पहिला खर्च येथेंच, घराच्या दाराशींच लागे.

आतां तो प्रसंग. कांहीं वर्षांपूर्वीं एका परिसंवादास मला दिल्लीस जावयाचें होतें, खर्च कॉलेजचा. पुण्याहून एकाच सकाळीं दोन विमानें होतीं. ज्या कंपनीचे पॉइंट मी सांठवीत होतों, तिचें तिकीट दुसरीपेक्षां एकवीसशें रुपयांनीं महाग होतें. मीं महाग तिकीट सांगितलें. कारकुनानें कांहीं विचारलें नाहीं. त्यानें विचारलें असतें तर बरें झालें असतें. त्या प्रवासाचे पॉइंट माझ्या वहींत पडले, त्यांची किंमत फार तर चार-पांचशें रुपये होईल. म्हणजे संस्थेच्या तिजोरींतून एकवीसशें गेले तेव्हां माझ्या पदरांत पांचशें आले. उरलेले कंपनीनें नेले. मीं हें पैसे थेट खिशांत टाकले असते तर मला रात्रीं झोंप आली नसती. पण पॉइंटांना पैसा म्हणत नाहींत, एवढ्या शब्दाच्या आडोशानें मी स्वस्थ झोंपलों. असे प्रसंग पुढें आणखी दोनदां घडले.

या नाण्याचा हाच खरा गुण आहे असें मला वाटतें, आणि तो शोधणारांनीं पूर्ण ओळखला होता. भाडें देणारा एक आणि बक्षीस घेणारा दुसरा, अशी वाट त्यानें पाडली. ज्यास भाडें स्वतःच्या खिशांतून द्यावयाचें आहे तो स्वस्त तिकीट पाहील. ज्याचें भाडें धनी देतो तो आपले मैल पाहील. जर्मनींत २००२ सालीं यावरून मोठा गहजब झाला. सरकारी प्रवासाचे मैल खाजगी प्रवासास वापरल्याचें बाहेर येतांच बर्लिन प्रांताचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांनीं पदत्याग केला, आणि जेम ओझ्देमिर यांसही मागें सरावें लागलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या करखात्यानें मात्र जाहीर केलें कीं, अशा मैलांवर आम्ही कर मागणार नाहीं. भारत सरकारच्या काटकसरीच्या आदेशांत सरकारी प्रवासाचे पॉइंट सरकारी प्रवासासच वापरावे असें स्पष्ट आहे. आमच्या कॉलेजांत असा नियम नव्हता. पण नियम नव्हता हें मीं आधीं कां पाहून ठेवलें होतें, या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नाहीं.

आतां मोलाकडे वळूं. समजा, कार्डावर दर दीडशें रुपयांस एक पॉइंट मिळतो आणि पॉइंटाचें मोल, वापराल त्याप्रमाणें, चार आण्यांपासून एक रुपयापर्यंत आहे. लाख रुपये खर्च केल्यास सहाशें सदुसष्ट पॉइंट, म्हणजे सुमारें एकशें सदुसष्ट ते सहाशें सदुसष्ट रुपये. तीच लाखाची बाकी एक महिना थकली, तर दरमहा शेंकडा साडेतीन या दरानें व्याज साडेतीन हजार. शेंकडा साडेतीन दरमहा म्हणजे वर्षाला बेचाळीस! १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्याच्या परिणामीं १८७९ चा जो कायदा झाला तो पुणें, सातारा, नगर आणि आमचा सोलापूर या चार जिल्ह्यांनाच प्रथम लागू झाला, आणि त्यानें खतावर लिहिलेल्या आंकड्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. आज खत कोणी जाळीत नाहीं. उलट, खत लिहून घेणाऱ्यानें वर एक पॉइंट दिला म्हणून आपण आभार मानतों.

शिवाय पॉइंटाचा भाव ठरविणारा तो देणाराच. डेल्टा कंपनीनें २०१५ सालीं किती मैलांस कोठलें तिकीट याचे छापील तक्ते काढून टाकले, आणि मैल अंतरावर न देतां भाड्याच्या रकमेवर देऊं लागली. इतरांनींही पुढें तीच वाट धरली. वहींतला आंकडा तसाच राहिला, पण त्यांत येणारी वस्तु लहान झाली. चलनाच्या इतिहासांत हें नवें नाहीं. तथापि एक भेद मोठा मौजेचा आहे. ज्यानें आपली राजधानी आमच्या देवगिरीस आणली तो महंमद तुघलक १३३० च्या सुमारास तांब्याचें नाणें चांदीच्या भावानें चालवूं पाहत होता. बरनी सांगतो कीं, घरोघर टांकसाळी निघाल्या. अखेर सुलतानानें काय केलें? तांब्याचीं नाणीं परत आणा व खजिन्यांतून सोनें-चांदी घेऊन जा, असा हुकूम सोडला. तुघलकाबादेंत तांब्याचे ढीग लागले. शाळेंत आम्हीं त्यास वेडा म्हणून शिकलों व शिकविलें. पण ज्या भावानें नाणें दिलें त्याच भावानें तें परत घेणारा तो वेडा होता.

नव्या नाण्यालाही घरगुती टांकसाळी निघाल्याच. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतल्या एका अभियंत्यानें खिरीच्या डब्यांवरील लेबलांस मैल मिळतात हें पाहून १२,१५० डबे सुमारें ३,१०० डॉलरांस विकत घेतले. खीर धर्मादाय संस्थेस देऊन लेबलें सोलण्याचें काम तिच्याच स्वयंसेवकांकडून करवून घेतलें, आणि साडेबारा लाख मैल मिळविले! पुढें अमेरिकन सरकारच्या टांकसाळेनें एक डॉलरचीं नाणीं लोकांत रुळावींत म्हणून तीं घरपोंच देण्यास प्रारंभ केला. तेव्हां चतुर मंडळी कार्डावर हजारों डॉलरांचीं नाणीं मागवीत, पोतीं न सोडतां बँकेंत भरीत, आणि कार्डाचे मैल घेत. २०११ सालीं टांकसाळेनें या खरेदीस कार्ड घेणें बंद केलें. खऱ्या नाण्यांची हमाली करून खोटीं नाणीं कमविण्याचा हा खेळ बरनीनें पाहिला असता तर त्याची लेखणी काय म्हणती!

भाव उतरणें निराळें आणि टांकसाळ बुडणें निराळें. किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ मध्यें थांबलीं, आणि तिचे पॉइंट धरून बसलेल्यांच्या हातीं आंकडाच राहिला. जेट एअरवेजचें शेवटचें विमान १७ एप्रिल २०१९ रोजीं उडालें. तिच्या पॉइंटांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळें खातीं शाबूत राहिलीं. उडावयास विमान मात्र उरलें नाहीं. त्या योजनेनें त्याच वर्षीं 'इंटरमाइल्स' असें नांव घेतलें. याच्या उलट, १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा ही कंपनी एअर इंडियांत विलीन झाली तेव्हां तिचे पॉइंट एकास एक या भावानें पलीकडच्या वहींत गेले, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. हाली सिक्का गेला तेव्हां त्यांत निदान चांदी होती. आजोबांच्या पेटींतले दोन हाली रुपये अद्यापि आमच्या घरीं आहेत, आणि सराफ त्यांस नाहीं म्हणत नाहीं.

येथवर मी माझ्याच नफ्यातोट्याचा हिशेब करीत होतों. तो पुरता नाहीं, हें मला चाटी गल्लींतल्या एका दुकानदारानें शिकविलें. लग्नाच्या आहेरासाठीं सहा चादरी घेतल्या आणि कार्ड पुढें केलें.

"चालेल कीं, सर," तो म्हणाला, "पण मशीनवाले शेंकडा दोन कापून घेतात. तुम्हांला मी जास्त लावणार नाहीं. तें किंमतींतच धरलेलं असतं."

"मग रोख देणाऱ्याला दोन टक्के कमी करतां का?"

तो हसला. "असं कसं, सर? किंमत सगळ्यांना एकच."

त्याच वेळीं शेजारीं एक बाई एक चादर घेत होती. तिच्या बोटांवरून ती विड्या वळणारी असावी; या शहरांत हजारों बायका तें काम करून घर चालवितात. तिनें कमरेच्या पिशवींतून नोटा काढून मोजल्या. मीं दिलेल्या पैशांतून शेंकडा दोन कापले गेले, त्यांतला कांहीं भाग बँकेकडून विमानकंपनीस आणि तेथून पॉइंट होऊन मजकडे परत आला. तिनें दिलेल्या किंमतींतही ते शेंकडा दोन होते. तिच्याकडे मात्र कांहींच परत आलें नाहीं, आणि येणारही नव्हतें. दोन रुपये, चार रुपये. रक्कम क्षुद्र आहे हें मी जाणतों. पण पेढीवरचा बट्टा ज्याचें नाणें हलकें त्यास लागे. येथें बट्टा लागला तो खऱ्या नोटेला. टेलिफोनवरून थेट बँकेच्या खात्यांतून पैसे देण्याची जी यूपीआयची रीत आहे, तिजवर २०२० पासून दुकानदारास आकार नाहीं. तेव्हांपासून मी त्या दुकानांत तरी त्याच रीतीनें पैसे देतों. दुकानदारास यांत कांहीं विशेष वाटल्याचें दिसलें नाहीं.

माझ्या वहीचा शेवट काय झाला तें सांगून संपवितों. आमच्या सौभाग्यवतींस दार्जिलिंग पाहावयाचें होतें, आणि दोघांचीं जाण्यायेण्याचीं तिकिटें पॉइंटांवर काढावयाचीं असा माझा संकल्प होता. आरंभीं चाळीस हजार पॉइंट लागत होते. कित्येक वर्षांनीं माझे एकेचाळीस हजार झाले, तेव्हां त्याच तिकिटांस अठ्याहत्तर हजार मागूं लागले. मी थांबलों, थांबलों त्या अवधींत जुने पॉइंट मुदत संपून बाद होत गेले. अखेर नऊ हजार उरले असतां, मार्चअखेर तेही जातील अशी सूचना आली, म्हणून वस्तूंच्या यादींतून मीं एक वाफेची इस्त्री मागविली. खोकें उघडून ती हातांत धरून आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एवढीं वर्षें तुम्ही आभाळांतून फिरलांत, ती ही इस्त्री का?"

दार्जिलिंग आम्हीं त्याच मे महिन्यांत पाहिलें. सोलापुराहून रेल्वेनें, दोन गाड्या बदलून, तिकिटाचे पुरते पैसे मोजून. कॉलेजच्या हिशेबनिसाकडे मीं तीन प्रवासांची जास्तीची रक्कम भरावयास नेली, तेव्हां ती कोणत्या खातीं जमा करावी याची त्यास पंचाईत पडली. शेवटीं त्यानें ग्रंथालयाच्या देणगीची पावती फाडली. इस्त्री अजून चांगली चालते.